रात्रीतून आपोआप बंद पडणारा कॉम्प्युटर: तुमचे अनुभव सांगा

पंचगंगाकाठ
काल सकाळी भाच्याचा फोन. "मावशी, रात्री प्रोजेक्ट उघडा ठेवून झोपलो, उठून बघतो तर मशीन बंद." आणि मला एकदम २००६ चं इचलकरंजी आठवलं.

बाबांचं घरीच डीटीपीचं काम होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. मोठं काम प्रिंटला लावून आम्ही माडीवर झोपायला जायचो आणि सकाळी मशीन गार. पण रोज नाही, मधूनच. रॅम बदलून झाली, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) बदलून झाला, विंडोज दोनदा टाकलं. पैसे गेले, दुखणं तिथंच. शेवटी आईने कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी फुल्या मारायला सुरुवात केली. महिन्याभरात दिसलं, सगळ्या फुल्या यंत्रमागांच्या सुट्टीच्या रात्री! गल्लीतले माग थांबले की लाइनवरचा लोड उतरायचा आणि व्होल्टेज चढायचं. शेजारच्या वायरमनकाकांनी रात्री दीड वाजता मीटर लावला. २३० हवं तिथे २६८. आमचा यूपीएस (वीज गेली की थोडा वेळ बॅटरीवर मशीन चालवणारा डबा) २६० च्या वर बाहेरची वीज तोडून बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी चार वर्षांची, पाच मिनिटांत खलास. पहाटे व्होल्टेज उतरलं की यूपीएसचा हिरवा दिवा परत लागलेला, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशयच गेला नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, आधी वेळ लिहून ठेवा, स्क्रू ड्रायव्हर नंतर. तुमच्याकडे काय निघालं?

कुरुंदवाडी
काय सुंदर आठवण. आईंना नमस्कार सांगा.

रात्रपाळी
भाच्याला इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधली घडामोडींची नोंदवही) उघडायला सांगा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. प्रत्येक नोंदीला नंबर असतो. १०७४ दिसला तर कुणीतरी रीतसर बंद केलंय, बहुतेक अपडेटने. ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेलं. एवढंच, कारण तो सांगत नाही. आणि ४१ ची वेळ ही पुन्हा सुरू केल्याची असते, तिच्यावर जाऊ नका. कधी गेलं ते ६००८ च्या मजकुरात मिळतं. लोक इथेच चुकतात.

अबोली
आमच्याकडे मुंग्या. मालवण, जून महिना. एसएमपीएस उघडला तर आत अंडी घालून वारूळच, उबेला येतात. उंदराने वायर कुरतडलेली ती वेगळी गोष्ट

भिवंडीकर
माग म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या घरात कापसाचा तूस सगळीकडे, पंख्यावर, फोटोंवर. प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) तर गादीच बसलेली. दिवसा कुणीतरी समोर असायचं, खोलीतला पंखा चालू. रात्री खोली बंद, पंखा बंद, आणि मुलाचं रेंडरिंग चालू. तापलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. ब्रशने साफ केलं, थर्मल पेस्ट नवी लावली, आजतागायत ठीक. साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने गरगर फिरू देऊ नका.

सोनचाफा
माझा प्रबंध असाच गेला होता २०११ मध्ये. म्हणजे गेला नाही, शेवटची अकरा पानं गेली. वळवाचा पाऊस, विजा कडाडायला लागल्या आणि आईने रात्री उठून सगळे प्लग काढले. सकाळी मी खूप भांडले तिच्याशी. दुपारी कळलं की शेजारी टेलिफोनच्या वायरीतून वीज येऊन मोडेम आणि मदरबोर्ड दोन्ही जळाले. अजून वाईट वाटतं तिला बोलल्याचं.

कुरुंदवाडी
@सोनचाफा विषय कोणता होता प्रबंधाचा?

सोनचाफा
@कुरुंदवाडी जात्यावरच्या ओव्या. ती अकरा पानं परत लिहिली, आईनेच म्हणून दाखवल्या चार ओव्या :)

देगलूर
सीमॉसचा सेल (मदरबोर्डवरचा बटणासारखा छोटा सेल) बदला, ३० ते ४० रुपयांत काम होतं. माझं तसंच झालं होतं

रात्रपाळी
@देगलूर तो सेल गेला तर घड्याळ मागे जातं, बायॉसची (मशीन सुरू होतानाची) सेटिंग जातात. चालू मशीन त्याने सहसा बंद पडत नाही. सेल काढताना प्लग-रॅम हलवली असेल, त्याने संपर्क सुधारला असावा. रॅमच्या पट्टीला खोडरबर घासूनही कितीतरी मशीन उठलेली पाहिलीत मी.

देगलूर
हो रॅम काढली होती खरी

न्यू जर्सीहून
इथे वीज जात नाही तरी बंद व्हायचं. लॉगमध्ये १०७४, रात्री तीनला अपडेट. अ‍ॅक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात अपडेट मशीन स्वतःहून रीस्टार्ट करत नाही) सकाळी ८ ते ५ होते आणि माझं काम भारताच्या वेळेनुसार, म्हणजे रात्रीच! वेळ बदलली, प्रश्न संपला. भारनियमनाच्या काळात सोलापूरला कंदिलात अभ्यास केलेला, त्यामुळे वीज असूनही मशीन बंद बघून फार चिडचिड व्हायची.

अबोली
सोलापूरला कुठे तुम्ही? माझं माहेर बाळीवेस

न्यू जर्सीहून
@अबोली अरे वा, आम्ही अशोक चौकात! शेंगाचटणी इथे डब्यातून मागवतो.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार, पोळ्या करता करता वाचतेय. भाच्याने बघितलं, १०७४ नाही. ६००८ आहेत तीन, तिन्ही पहाटे सव्वाचार ते साडेचारच्या मध्ये. मशीनच्याच एक्स्टेंशन बोर्डवर पाण्याची मोटर आहे म्हणाला, नळाला तेव्हाच पाणी येतं आणि घरमालक मोटर लावतात.

रात्रपाळी
मोटर सुरू होताना करंट एकदम खेचते, व्होल्टेज खाली बसतं. आज मशीन दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावा. बोर्डाचा प्लग काळा पडलाय का तेही बघायला सांगा, पडला असेल तर मोटर त्यावर अजिबात नको, आग लागेल.

पंचगंगाकाठ
लगेच फोन करते त्याला.

भिवंडीकर
बाबांचं डीटीपी चालू आहे का अजून?

पंचगंगाकाठ
२०१४ ला थांबवलं. कॅलेंडर मात्र आईने जपून ठेवलंय, फुल्यांचं पान वर काढून.