मदत हवी आहे: पडवीतले पतंग, बिघडलेले फोटो आणि शेजारच्या काकांचं भात

नमस्कार मंडळी. पतंग म्हणजे संक्रांतीचे नव्हेत, रात्री दिव्याला येतात ती पाखरं.

देवरुखजवळ आमचं गावचं घर आहे. घरून काम करायची मुभा मिळाली तशी दोन वर्षांपूर्वी मी इथे राहायला आले. पहिल्या पावसाळ्यात पडवीतल्या ट्यूबखाली इतकी पाखरं यायची की आई जेवणाची पानं माजघरात हलवायची. एकदा पसरलेल्या पंजापेक्षा मोठा अ‍ॅटलास पतंग सकाळपर्यंत भिंतीवर बसून होता, तेव्हापासून मला हे वेड लागलं. यंदा ट्यूबचा चोक गेला म्हणून भावाने एलईडी पट्टी बसवली आणि वर्दळच ओसरली. बारीकसारीक येतात, मोठी जवळजवळ नाहीत. एलईडीमुळेच का? मग लावू काय? इथे व्होल्टेज रडतखडत असतं, हेही धरून सांगा.

दुसरी अडचण फोटोंची. आजोबांचं जुनं धोतर दोरीवर टांगून त्यावर उजेड पाडते. मोबाइलने काढलं की धोतर झकास, पाखरू म्हणजे काळा डाग. फ्लॅश मारला तर दोन्ही पांढरे. कॅमेरा घ्यायची ऐपत सध्या नाही.

तिसरी जरा नाजूक. आमच्या गडग्यापलीकडे शेजारच्या काकांचं भात आहे, आता पोटरीला आलंय, म्हणजे लोंबी अजून पात्याच्या आतच आहे. ते परवा म्हणाले, "बाय, तू दिवे लावून खोडकिडा बोलावतेस." बोलले हसत, पण दोनदा बोलले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे का?

आणि शेवटचं. मागच्या अमावास्येला एक जाडजूड पाखरू आत आलं. पाठीवर चक्क कवटीसारखी खूण. झाडूने बाहेर ढकलायला गेले तर उंदरासारखं चीं चीं ओरडलं! पितृपक्ष चालू, त्यामुळे आईने झाडू काढून घेतला, "कोण आलंय कुणास ठाऊक." दुसऱ्या रात्री तेच किंवा तसलंच आमच्या सातेरी मधमाश्यांच्या पेटीभोवती घुटमळत होतं. हे काय प्रकरण आहे? फोटो फक्त पंख मिटलेला मिळालाय.

प्रतिसाद १

चीं चीं करणारा म्हणजे डेथ्स हेड हॉकमॉथ, कवटीवाला पतंग, शंकाच नको. आखूड, जाड सोंडेतून हवा आत-बाहेर करून तो आवाज काढतो. पेटीवर मध चोरायला येतो. पेटीचं दार लाकडी पट्टीने इतकं अरुंद करा की माशी जाईल, हा धटिंगण जाणार नाही. अळ्या तिळावर, वांग्यावर मिळतात, परसात बघा.

आपल्याकडे यात दोन जाती येतात, स्टिक्स आणि लॅकेसिस. फरक मागच्या पंखात दिसतो. पंखाचा बुडखा मोठा काळा असेल तर लॅकेसिस, पिवळ्यावर दोन काळे पट्टे असतील तर स्टिक्स. त्यामुळे मिटलेल्या फोटोवरून मी पैज लावणार नाही. पुन्हा आला तर मऊ कुंचल्याने हलकेच डिवचा, घाबरवायला पंख उचलतो. बाकीच्यांचे फोटो आयनॅचरलिस्ट या जीव ओळखायच्या संकेतस्थळावर टाका आणि मॉथ्स ऑफ इंडियाच्या संकेतस्थळाशी ताडून बघा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवत जा, ते २७ मिलिमीटरचं असतं, मापाचा प्रश्न मिटतो.

प्रतिसाद २

एलईडीचाच दोष. पतंगांना अतिनील उजेड जास्त ओढतो. जुन्या ट्यूबमधून तो थोडा तरी निसटायचा, घरगुती एलईडीत जवळपास नसतोच. १६० वॉटचा मर्क्युरी बल्ब चोकशिवाय चालतो, पण तापतो भयंकर. पावसाचा एक थेंब पडला की काच तडकते, आणि व्होल्टेज पडलं की विझतो, मग थंड झाल्याशिवाय पेटत नाही. तुमच्याकडे वैताग येईल. पॉवर बँकेवर चालणारा अतिनील एलईडी दिवा घ्या, फक्त त्याच्याकडे टक लावून बघू नका. ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र निवडा.

फोटोचं म्हणाल तर रात्रीचा नाद सोडा. धोतराखाली अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवा, पाखरं त्यात शिरून बसतात. पहाटे उजाडता उजाडता ट्रे अलगद पडवीत आणा. गारठ्याने ती हलत नाहीत आणि उजेड मऊ असतो. कोतवाल पक्षी उठायच्या आत मात्र उरका, नाहीतर नुसते पंख वेचाल. रात्रीच काढायचा असेल तर फ्लॅश बंद, बोट पाखरावर दाबून फोकस, आणि टॉर्चला बटरपेपर लावून उजेड बाजूने.

प्रतिसाद ३

मी भातवाला, म्हणून काकांची बाजू मांडतो. खोडकिड्याचा पतंग दिव्याला येतो हे खरंच आहे, शेतात प्रकाश सापळे लावतात ते त्यासाठीच. पण सापळ्यात तो मरतो, तुमच्या धोतरावरून उठून काकांच्या पातीवर अंडी घालायला मोकळा. मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. पोटरीत शिरलेल्या अळीमुळे लोंबी पांढरी पडते, दाणा भरत नाही. म्हणून सध्या दिवा घराच्या मागे, भाताकडे पाठ करून लावा, दोन-अडीच तासांत बंद करा. ठिपकेवाली दिसली की मोजा आणि काकांना आकडा सांगा, त्यांच्या उपयोगाचा आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दिवा विहिरीच्या बाजूला नेला. काल ठिपकेवाल्या अकरा मोजल्या, काकांना सांगितलं तर सकाळी स्वतः बघायला आले आणि ट्रे उलटेपालटे करत अर्धा तास बसले. पेटीला पट्टी ठोकली. पाहुणा रात्री साडेनऊला आला, कुंचला लावल्यावर पंख उचलून कोकलला. फोटो हललाय, पण पिवळं आणि दोन काळे पट्टे स्पष्ट दिसतात. स्टिक्स ना?