लॅपटॉपचं वायफाय सुरूच होत नाहीये, आता तर बटणच गायब! मदत हवी आहे

गिट्टीरोड (सोमवार, रात्री ९:२०)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते घाटंजीला, शाळा तिथून चौदा किलोमीटर आत. लॅपटॉप माझा स्वतःचा, २०२१ मध्ये घेतलेला, विंडोज ११ आहे. घरी फायबरचं वायफाय, शाळेत मोबाईलचा हॉटस्पॉट (तोही व्हरांड्यातल्या एकाच खांबाजवळ लागतो, पण ते दुखणं वेगळं).

तर झालं असं. गेल्या आठवड्यात शाळेत लॅपटॉप उघडला तर वायफायचं बटण दाबूनही सुरू होईना. दाबलं की क्षणभर निळं व्हायचं आणि परत मिटायचं. घरी आल्यावर चाललं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आणि आज सकाळपासून तर बटणच नाही. घड्याळाशेजारी पृथ्वीगोल दिसतो, त्यावर नकाराची खूण. तिथं क्लिक केलं की नुसतं एअरप्लेन मोड. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर वायफायची ओळ असायची, तीही गेली.

करून पाहिलेलं: चारदा रीस्टार्ट, एअरप्लेन मोड चालू-बंद, ट्रबलशूटर (त्याने पाच मिनिटं गोल फिरून काही सापडलं नाही म्हणून सांगितलं). वरच्या ओळीत अँटेनाचं चित्र असलेलं बटण आहे, ते एफएन कळीसोबत आणि तिच्याशिवाय दाबलं. त्याचा दिवा नारिंगीच राहतो, पांढरा होत नाही. राऊटर ठीक आहे, यजमानांचा फोन त्याच्यावर चालतो आहे.

यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती भरायची आहे आणि मोबाईलवर ते भरताना डोळे फुटतात. चौथीतला एक पोरगा आज विचारत होता, "मॅडम, तुमचा लॅपटॉप काऊन रुसला?" त्याला काय सांगू?

पाटीलकीचा_वारस (९:३५)

रिचार्ज संपला असेल. 😀

रातपाळी (९:५२)

वरच्या भाऊंना सोडून द्या. ताई, बटण दाबून सुरू न होणं आणि बटणच नाहीसं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात लॅपटॉपला वायफायचं कार्ड दिसत असतं, पण ते चालत नसतं. दुसऱ्यात बहुतेक वेळा कार्डच दिसत नसतं. तुमचं पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलं आहे, हे ध्यानात ठेवा.

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात नेटवर्क अडॅप्टर्सच्या ओळीवर डबल क्लिक करा. नावात वायरलेस, वाय-फाय किंवा ८०२.११ असं काही आहे का? असलंच तर त्यावर खाली तोंड केलेला बाण आहे (म्हणजे कोणीतरी बंद केलं आहे, राइट क्लिक करून एनेबल करा), की पिवळा त्रिकोण आहे (म्हणजे ड्रायव्हर, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बिनसला असावा)? काहीच नसेल तर वरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा आणि काय दिसतं ते सांगा.

आणि हे नक्की बघा: ब्लूटूथ चालतंय का?

गिट्टीरोड (१०:१५)

नाव होतं, पण लपलेली दाखवल्यावरच दिसलं, तेही फिकट, पुसट पाटीवरच्या अक्षरासारखं. डबल क्लिक केलं तर लिहिलंय की हे उपकरण सध्या कॉम्प्युटरला जोडलेलं नाही, कोड ४५. जोडलेलं नाही म्हणजे काय हो? ते आतच असतं ना?

ब्लूटूथचंही बटण नाही. हे मी बघितलंच नव्हतं, मी वापरतच नाही.

रातपाळी (१०:२४)

आतच असतं, पण वेगळं असतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डावर असतात, ते बोर्डावरच्या खाचेत बसवलेलं असतं. दोन्ही एकदम गेले म्हणजे संशय सरळ त्या कार्डावर.

आधी फुकटचा उपाय करा. स्टार्टमधून शट डाउन करताना शिफ्ट दाबून ठेवा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे तो पुरता बंद होत नाही, अर्धवट झोपतो. मग चार्जर काढा, पॉवरचं बटण चाळीस सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावून सुरू करा. आत साठून राहिलेली वीज निघून गेली की अडखळलेलं कार्ड कधीकधी पुन्हा दिसायला लागतं. काही मॉडेलांना यासाठी खालच्या बाजूला टाचणीएवढं छिद्र असतं, तेही बघा.

कपाशी_आणि_कोडिंग (१०:३१)

तोवर कामाचं सांगतो. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफाय नसलं तरी नेट येतं, लॅपटॉपला ते वायरीचं नेट वाटतं. फक्त केबल डेटावाली हवी. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांनी टेदरिंगचा पर्याय फिकटच राहतो आणि माणूस फोनला दोष देत बसतो.

कार्ड खरंच गेलं असेल तर चार-पाचशे रुपयांत यूएसबीचा वायफाय डोंगल मिळतो. त्यातले स्वस्त बहुतेक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचेच असतात, तेव्हा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर तो दिसणारच नाही. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

गिट्टीरोड (११:०५)

आलं!!! छिद्र शोधायला लॅपटॉप गादीवर पालथा घातला, छिद्र काही नव्हतं, मग तसाच पालथा ठेवून बाजूचं पॉवर बटण चाळीसपर्यंत मोजत धरलं. सरळ करून सुरू केला आणि वायफाय, ब्लूटूथ दोन्ही हजर. दिवा पांढरा. रातपाळी, तुमचं तोंड गोड करायला पाहिजे.

पाटीलकीचा_वारस (११:०८)

धागा बंद करा, रिचार्ज झाला.

गिट्टीरोड (मंगळवार, दुपारी १:१०)

धागा बंद नका करू. शाळेत येऊन उघडला आणि परत तेच, कोड ४५. मधल्या सुट्टीत दोनदा चाळीसपर्यंत मोजलं, काही फरक नाही. टेदरिंगवर काम चाललंय, त्याबद्दल कपाशीदादांचे आभार.

एकदम_फ्रेश (१:४०)

विंडोज फॉरमॅट करून नव्याने टाका. माझ्या मित्राचं याच्यानेच झालं.

रातपाळी (२:०५)

नका करू ताई, निदान आत्ता तरी. पिवळा त्रिकोण असता तर ड्रायव्हर काढून-घालून बघा म्हटलं असतं. कार्ड दिसतंय पण सुरू होत नाही असं असतं तर सर्व्हिसेसमध्ये डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग (विंडोजची वायफाय सांभाळणारी सेवा) चालू आहे का ते बघायला लावलं असतं, किंवा नेटवर्क रीसेट. इथं विंडोजच सांगतंय की मला कार्ड जोडलेलं दिसत नाही. फॉरमॅट केल्यावरही ते हेच सांगेल, फक्त तुमच्या फायली तेवढ्या गेलेल्या असतील.

जुना_मेकॅनिक (सायंकाळी ६:३०)

मॅडम, मी काल वाचून गप्प बसलो होतो. फॉरमॅटवाल्या भाऊचं वाचून राहवलं नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बोंड फोडून पाहत नाही, अन् वरून फवारे मारून राहिले सगळे.

तीन गोष्टी सांगा. एक, लॅपटॉप शाळेत कसा नेता? दोन, बिघाड नेहमी शाळेत पोचल्यावरच दिसते काय? तीन, अन् हे खरं खरं सांगा, अलीकडे कोणी खोलला होता काय?

गिट्टीरोड (७:४५)

एक: स्कूटीवर, पाय ठेवायच्या जागेत बॅगेत, डब्याशेजारी. झाकण मिटते आणि निघते, बंद करत नाही. शेवटचे पाच किलोमीटर डांबर नावालाच उरलंय, सगळी गिट्टी वर आलेली. (माझं इथलं नाव त्यावरूनच.)

दोन: आता विचारलं तर हो! घरी बिघडल्याचं आठवत नाही. काल सकाळी घरूनच गेलेलं होतं, पण शनिवारी शाळेतून आणल्यावर उघडलाच नव्हता.

तीन: दिवाळीच्या सुट्टीत एका दुकानात एसएसडी (फायली साठवायची वेगवान डिस्क) बसवून घेतली, फार हळू चालायचा म्हणून. पण त्याचा वायफायशी काय संबंध? त्यानंतर तीन आठवडे छान चालला, म्हणून लिहिलं नाही.

जुना_मेकॅनिक (८:१०)

हेच तर पहिल्या दिवशी लिहायला पायजे होतं. 🙂

संबंध असा. खालचं झाकण काढलं की बॅटरी, रॅम, एसएसडी अन् वायफायचं कार्ड एकाच मैदानात दिसतात. तुमच्या २०२१ च्या लॅपटॉपात ते कार्ड बहुतेक एम.२ जातीचं असंल, २२ बाय ३० मिलिमीटर, काडेपेटीहूनही लहान. एक टोक खाचेत तिरपं घालतात, दुसरं टोक दाबून एका बारक्या स्क्रूनं बांधतात. एकच स्क्रू. तो नसला की कार्ड आपोआप वर उचलते, कारण खाचेत स्प्रिंगचा ताण राहते. एसएसडीचा स्क्रूही बहुधा त्याच मापाचा असते. दुकानदारापाशी एक कमी पडला असंल तर कुठून काढला असंल, हा माझा तर्क. शपथ घेऊन नाही सांगत.

तर्काला आधार काय म्हणाल तर काल रात्रीचं. चाळीस सेकंदानं काम झालं असं सगळ्यांना वाटलं. मला वाटते तुम्ही लॅपटॉप पालथा घातला त्यानं झालं. पालथा असला की कार्ड बोर्डाकडं झुकते, टोक खाचेत नीट टेकते. आज शाळेत दोनदा मोजलं तेव्हा पालथा होता काय?

गिट्टीरोड (८:१४)

नव्हता. टेबलावर सरळच होता.

जुना_मेकॅनिक (८:३०)

मग खोलून पाहा, नाही तर जवळ उभं राहून खोलून घ्या. वॉरंटी असंल तर कंपनीच्या माणसाकडूनच. स्वतः खोलणार असाल तर पुरता बंद करा, चार्जर काढा. झाकण निघाल्यावर पहिले बॅटरीचं कनेक्टर काढा, मग बाकी ठिकाणी बोट. आधी नळाला हात लावून घ्या, अंगातली स्थिर वीज उतरते. गादीवर, चादरीवर खोलू नका.

कार्डावर दोन बारीक वायरी असतात, बहुतेक एक काळी अन् एक पांढरी, अँटेनाच्या. टोकाला पोलक्याच्या टिचबटणासारखं गोल कनेक्टर असते. त्या ओढू नका. तुटल्या तर कार्ड दिसंल, पण रेंज राऊटरच्या खोलीबाहेर जाणार नाही.

गिट्टीरोड (रविवार, दुपारी १२:५०)

वॉरंटी कधीच संपली, म्हणून आज सकाळी खोलला. यजमानांनी टॉर्च धरला आणि "बघ हं, बघ हं" एवढंच योगदान दिलं.

वर्गात करते तेच केलं: पाटीवर खडूने लॅपटॉपचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तो त्याच जागी पाटीवर ठेवला. नऊ दिसत होते, दोन मागच्या रबरी पट्टीखाली लपलेले. मागच्या ओळीतले लांब, पुढचे आखूड, पाटीमुळे घोळ झाला नाही. झाकण काढायला जुनं सिमकार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवलं. प्रत्येक टक् आवाजाला वाटायचं, मोडलं.

आत पाहिलं तर कार्ड उभं! म्हणजे अगदी उभं नाही, वर्गातल्या तिरप्या डेस्कसारखं. स्क्रूचं भोक रिकामं. बोटाने दाबलं की खाली बसायचं, सोडलं की हळूच वर. एसएसडीला मात्र तिचा स्क्रू होता.

आणि आता ऐका. तोच स्क्रू असेल का ते सांगता येत नाही, पण एक काळा बारका स्क्रू आतच होता! डावीकडच्या स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटून बसलेला. यजमानांना टॉर्चमध्ये चमकताना दिसला, तेव्हा माझं "बघ हं"बद्दलचं मत मागे घेते. तो चिमट्याने काढला, कार्ड खाचेत नीट सरकवलं, दाबलं, स्क्रू लावला. बरोब्बर बसला. टिचबटणांना हात लावला नाही.

सुरू केल्यावर वायफाय आलं. पण आता मी लगेच नाचणार नाही.

जुना_मेकॅनिक (१:२०)

म्हणजे दुकानदारावर घेतलेला माझा आळ अर्धा चुकला. त्यानं इथला काढून एसएसडीला लावला नसंल, अर्धवट पिळला असंल अन् रस्त्यानं बाकीचं केलं असंल. सापडला हे बेस झालं मॅडम, बोर्डावर पडला असता तर शॉर्ट होऊ शकलं असतं.

रातपाळी (१:४५)

चाळीस सेकंदांचं श्रेय परत करतो. ताई, एक करा, नेताना नुसतं झाकण मिटून नेऊ नका, शट डाउन करून न्या. बॅगेत चालू राहिला तर तापतो.

गिट्टीरोड (गुरुवार, सायंकाळी ५:३०)

चार दिवस, आठ फेऱ्या, तोच रस्ता. कोड ४५ नाही, दिवा पांढरा. आता बंद करूनच नेते, बॅगेखाली घडी घातलेली सतरंजी ठेवली आहे. यू-डायसचं निम्मं काम खांबाजवळ बसून झालं.

चौथीतल्या पोराला सांगितलं की लॅपटॉपचा एक स्क्रू ढिला होता. तो म्हणे, "म्हंजे आमच्या बाबाच्या फवारणी पंपावानी." पंप कुठून गळतो आणि त्याला दोरा कसा गुंडाळायचा हे त्याने मला पूर्ण सांगितलं, आणि मधली सुट्टी त्यातच संपली.

पाटीलकीचा_वारस (५:४१)

ताई, माझ्या लॅपटॉपचा आवाज येत नाही. स्क्रू स्पीकरला चिकटला असेल का?

जुना_मेकॅनिक (५:५०)

रिचार्ज पाहा.