लॅबमध्ये चाललेली चिप बाजारात यायला एवढी वर्षं का?

देवगडचा काका:
पुतणी बंगळुरूला गॅलियम नायट्राइडवर (सिलिकॉनऐवजी चिपसाठी वापरतात तो पदार्थ) पीएचडी करतेय, गणपतीला घरी आलेली. तिचा ट्रान्झिस्टर दोन वर्षांपूर्वीच चालला, पेपरही छापून आला. मी म्हटलं मग विकायला काढ की, तर मोदक वळता वळता हसायला लागली, म्हणे काका अजून दहा वर्षं धरा. तेवढ्यात आरती सुरू झाली आणि विषय राहिला. चालणारी वस्तू अडते कुठे?

टेस्टिंगवाला:
काका, आंब्याचंच घ्या. एक फळ अप्रतिम निघालं म्हणून पेटी विकत नाही ना कोणी? पेपरात सगळ्यात चांगला डिव्हाइस जातो, गिऱ्हाइकाला अख्खी पेटी सारखी लागते, आणि दोष साक्यासारखा, कापल्याशिवाय दिसत नाही. गाडीसाठी द्यायचं तर व्होल्टेज लावून ८५ डिग्री, ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात, तीन लॉटमधले ७७-७७ पीस, एकही मरायला नको. आमचा एकदा ९४० तासांना एकच गेला, कापून बघितला तर वरच्या संरक्षक थराला बारीक चीर. झालं, प्रोसेस बदला, नवे लॉट काढा, परत पहिल्यापासून. आठ महिने गेले.

मालवणी वायरमन:
८५ टक्के? जुलैत आमच्याकडे फुकट मिळता 😄 समुद्राकडचो सोलर इन्व्हर्टर उघडलो की बोर्डावर हिरवो गंज आणि पालीची अंडी, त्याची पण टेस्ट ठेवा.

रत्नागिरी एक्सप्रेस:
सिलिकॉन कार्बाइडचं बघा, तोही चिपसाठीचा असाच एक पदार्थ. क्री कंपनी १९८७ला अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या लॅबमधून निघाली, १९९१ला त्याचे वेफर, म्हणजे ज्यावर चिप बनवतात त्या पातळ चकत्या, विकायला लागली, पण त्यात सूक्ष्म भोकं, ती कमी करण्यातच वर्षं गेली. स्फटिक २००० डिग्रीच्या वर वाढवायचा, तोही तासाला मिलिमीटरपेक्षा कमी. त्याचा मॉसफेट, म्हणजे एका प्रकारचा ट्रान्झिस्टर, बाजारात आला २०११ला, टेस्लाच्या मॉडेल ३मध्ये मोठ्या प्रमाणावर गेला तो त्याच्याही नंतर. आणि एवढं करून ती कंपनी, आताची वुल्फस्पीड, २०२५ला दिवाळखोरीच्या कोर्टात. त्या मानाने गॅलियम नायट्राइड सिलिकॉनच्या वेफरवर वाढवता येतं, जुन्या मशिनी चालतात, म्हणून फोनच्या चार्जरमध्ये लवकर घुसलं. बंगळुरूलाच आयआयएससी या विज्ञान संस्थेतून अग्निट नावाची गॅलियम नायट्राइडची कंपनी निघालीय, पुतणीला विचारा.

देवगडचा काका:
आणि तोवर पैसे कोण देतं?

टेस्टिंगवाला:
तिथेच तर मरतात सगळे. ग्रँट प्रोटोटाइपपर्यंत, गुंतवणूकदार म्हणतो आधी ऑर्डर दाखव, ऑर्डर देणारा म्हणतो आधी टेस्ट रिपोर्ट दाखव. पुतणीला एकच विचारा, तो रिझल्ट किती वेफरवर आला?

देवगडचा काका:
केला फोन. दोन म्हणाली. त्यातला एक चिमट्यातून सुटून फुटला.