काळी नखं कापायची कशी? मदत हवी आहे

आमचं पिल्लू साडेचार महिन्यांचं आहे, लॅब्रॅडॉर. अंघोळ, ब्रश, कान पुसणं सगळं निमूट करून घेतं. नखं मात्र आमच्या दोघांच्याही जिवावर येतात.

पांढऱ्या नखात आतली गुलाबी, रक्तवाहिन्या असलेली जिवंत शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबता येतं. याची अठराच्या अठरा नखं काळीकुळीत! मागच्या आठवड्यात अंदाज चुकला, एक नख खोल कापलं गेलं. कॉर्नफ्लॉवर दाबून धरल्यावर चार-पाच मिनिटांत रक्त थांबलं, पण तेव्हापासून नेलकटर दिसला की स्वारी थेट पलंगाखाली. (मीही गेले असते.)

एकदम न कापता कातरण काढल्यासारखं जरा जरा कापत जायचं आणि कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं, हे वाचलंय. पण वळवळणाऱ्या पंजावर तो ठिपका बघायचा कसा? कुणी नखं घासून झिजवायचा विजेवरचा ग्राइंडर वापरतं का? त्याच्या आवाजाला पिल्लू सरावतं का?

आणि गेलेला विश्वास परत कसा मिळवलात? सध्या नुसता पंजा हातात घेऊन खाऊ देतेय, नेलकटर लांब ठेवलाय. असं किती दिवस करू? फरशीवर टकटक आवाज येऊ लागलाय, आणि पुढच्या पायांची आतली वरची नखं तर जमिनीला टेकतच नाहीत, म्हणजे झिजणारही नाहीत. ती वळून कातडीत रुतायची भीती वाटते.

काळ्या नखांचा अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.