मदत हवी आहे : मद्यपी चालकाच्या धडकेत गेलेल्या भावाच्या स्मरणार्थ देणगी कुठे आणि कशी द्यावी?

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. २०२१ च्या पावसाळ्यात, अंबडच्या कारखान्यातील दुसरी पाळी संपवून दुचाकीने घरी निघालेल्या माझ्या धाकट्या भावाला एका मोटारीने मागून धडक दिली. मोटारीचा चालक दारू प्यालेला होता. भाऊ एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होता आणि विसाव्या दिवशी पहाटे गेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल आता लागला असून भावजयीचा आणि वडिलांचा वाटा त्यांच्या खात्यात जमा झाला आहे. दोन्ही मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहील. आप्पांचे वय ७९ आहे. त्यांनी आपल्या वाट्यातील एक रुपयाही काढलेला नाही. "हे पैसे मला नकोत. दुसऱ्या कुणाच्या घरी अशी रात्र येऊ नये आणि आलीच तर ते एकटे पडू नयेत, यासाठी ते खर्च करा," असे त्यांनी मला सांगितले आहे. रक्कम तीन लाख रुपये आहे.

आप्पांच्या या एका वाक्यात दोन निराळी कामे आहेत हे मला कागद घेऊन बसल्यावर जाणवले. दारू पिऊन गाडी चालवणेच थांबावे हे एक काम, आणि ज्यांच्यावर घाला पडून गेला आहे त्यांच्यासोबत उभे राहणे हे दुसरे. देणगीची पावती एकच फाटते, पण दोन्ही कामांचा खर्च, माणसे आणि काळ पूर्ण वेगळे आहेत. तीन लाख रुपये नेमके कशाला लावावेत, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

नातेवाइकांकडून सूचना पुष्कळ आल्या. मुंबई नाक्यावर आणि गंगापूर रोडला फलक लावावेत, असे एकाने सुचवले. पोलिसांना श्वासतपासणीची यंत्रे घेऊन द्यावीत, असे काकांचे मत आहे. फलकाने कुणी गाडीची किल्ली खाली ठेवेल, असे मला वाटत नाही. यंत्रांचे म्हणाल, तर ती वेळोवेळी प्रमाणित करून घ्यावी लागतात, प्रत्येक माणसासाठी नवी नळी लागते, आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्यातील मर्यादा ओलांडली गेल्याचे न्यायालयात टिकायचे असेल, तर यंत्र चोख असावेच लागते. आमची देणगी संपल्यावर हा पुढचा खर्च कोण करणार?

प्रतिबंधाच्या कामात देणगीदारांच्या पैशाने काय होऊ शकते, हे मात्र मी वाचले आहे. १९९६ मधील मोटार अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आलेल्या हरमन सिंग सिद्धू यांनी चंडीगडला 'अराइव्हसेफ' ही संस्था चालवली आणि महामार्गांलगतच्या दारूच्या दुकानांविरुद्ध न्यायालयीन लढा दिला. त्यातूनच १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई करणारा निकाल दिला. पुढे त्यातील अंतराच्या अटी सैल झाल्या आणि काही ठिकाणी महामार्गांचा दर्जाच बदलण्यात आला, याचे वाईट वाटते. तरीही एका लहानशा संस्थेने देशभरचा प्रश्न ऐरणीवर आणला हे खरेच आहे. 'सेव्हलाइफ फाउंडेशन'च्या पाठपुराव्यामुळे जखमींना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ म्हणून आले. अशा कामातील खर्च वकील, अभ्यासक आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांवर होतो. त्याचे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून देणगीदार कदाचित तिकडे कमी वळत असावेत.

दुसऱ्या कामाबद्दल मी स्वतःच्या अनुभवावरून बोलू शकते. त्या एकोणीस दिवसांत आम्हाला पैशाची चणचण होतीच, पण त्याहून अधिक उणीव सांगणाऱ्या माणसाची होती. चालकाला अटक झाल्यावर दोन तासांत त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, आणि उशीर होईल तसे रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण उतरत जाते, हे आम्हाला फार नंतर कळले. नमुना कधी घेतला, हे विचारायचे असते हेच त्या रात्री कुणाला ठाऊक नव्हते. भरपाईचा दावा आम्ही आठ महिन्यांनी दाखल केला. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. आज अशाच दुःखात बुडालेले एखादे कुटुंब ती सहज गमावून बसेल. साक्षीच्या दिवशी माझी भावजय न्यायालयाच्या व्हरांड्यात ज्या बाकावर बसली होती, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला तो चालक बसला होता. त्या वेळी तिच्या शेजारी बसणारे, पुढे आत काय विचारतील हे तिला शांतपणे सांगणारे कुणीतरी हवे होते.

अमेरिकेत नेमके हेच काम देणग्यांवर उभे आहे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडेस लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी एका मद्यपी चालकाच्या गाडीखाली गेली. तो चालक यापूर्वीही अशाच गुन्ह्यात पकडला गेला होता. त्यानंतर त्यांनी 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग' ही संघटना स्थापन केली. तिचे प्रशिक्षित साहाय्यक पीडित कुटुंबाला खटल्याची पद्धत समजावतात, सुनावणीला सोबत जातात, न्यायाधीशांपुढे मांडायचे निवेदन लिहायला मदत करतात आणि रात्री-अपरात्री आलेला दूरध्वनी घेतात. कुटुंबाला त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. तीच संघटना कडक कायद्यांसाठीही लढली. एकच संस्था दोन्ही कामे करू शकते, हे पाहून मला धीर आला.

म्हणून माझी विचारणा अशी आहे. नाशिक जिल्ह्यात अपघातग्रस्तांच्या कुटुंबांसोबत प्रत्यक्ष काम करणारी नोंदणीकृत संस्था कुणाच्या माहितीत आहे का? देणगी अमुक कामासाठीच वापरावी, असे बंधन घालता येते का आणि ते पाळले गेले हे कसे तपासावे? माझा भाचा अमेरिकेचा नागरिक आहे, त्यालाही यात भर घालायची आहे. ते चालेल का?

प्रतिसाद – पंचवटीकर

ताई, आपल्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटले. एका सार्वजनिक न्यासाचे हिशेब मी काही वर्षे पाहिले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

बंधन घालता येते. धनादेशासोबत आप्पांच्या सहीचे पत्र द्यावे, त्यात रक्कम कोणत्या कामासाठी आहे हे स्पष्ट लिहावे आणि संस्थेकडून त्याची लेखी पोच घ्यावी. केवळ व्याज वापरले जावे, अशी इच्छा असेल तर 'कायमनिधी' हा शब्द पत्रात असायला हवा. मात्र तीन लाखांच्या व्याजात वर्षाकाठी फारसे काम होणार नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत मुद्दल खर्च होऊ द्यावी, असे माझे मत आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक घेऊन नाशिकच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तिची नोंद आणि लेखापरीक्षित हिशेब पाहता येतात. देणगीवर प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देऊ नये, संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, आणि ही सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते हे लक्षात ठेवावे.

भाच्याच्या बाबतीत सावध राहा. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही, परंतु अमेरिकी नागरिकाची मानली जाते. ती घेण्यासाठी संस्थेची विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते असावे लागते. लहान संस्थांकडे बहुधा ते नसते.

संस्था निवडण्याआधी त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. अपघाताचे रुग्ण दररोज त्यांच्यासमोर येतात, आणि कुणाचे काय अडले आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. रुग्ण कल्याण समितीलाही देणगी स्वीकारता येते. मेंदूला मार लागलेला रुग्ण घरी गेल्यावर हवेची गादी, नळीवाटे द्यायचा आहार आणि फिजिओथेरपी यांचा खर्च महिनोन्महिने चालतो. २०२५ च्या केंद्रीय योजनेत दीड लाखापर्यंतचे विनारोकड उपचार अपघातानंतरच्या सात दिवसांपुरतेच आहेत. आठव्या दिवसापासूनच्या खर्चाला देणगीदाराची मदत लागते, असे समजा.

कायदेशीर बाजूसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट पुष्कळ विधवांना कुणी सांगतच नाही.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. आठव्या दिवसाबद्दल आपण लिहिलेले मी आप्पांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी दोन लाख रुपये त्यासाठी आणि एक लाख कायद्याच्या पाठपुराव्याचे काम करणाऱ्या संस्थेला, अशी विभागणी स्वतःच सांगितली. भाच्याला मी तूर्त थांबायला सांगितले आहे. सोमवारी समाजसेवा अधीक्षकांना भेटणार आहे.

एक विनंती राहते. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशिवाय, सुनावणीच्या दिवशी कुटुंबाजवळ केवळ बसण्यासाठी कुणी बाहेरची व्यक्ती गेली, तर त्याला कुणाची परवानगी लागते का? मी आणि भावजय आठवड्यातून दोन दिवस जिल्हा न्यायालयात येऊ शकतो. तेथील कामकाज जाणणाऱ्या कुणी सुरुवात कशी करावी हे सांगितले, तर फार उपकार होतील.