टेबलावरच्या स्पीकरला डीएसपी: गरज की खूळ?

टेबलखुर्ची:
मंडळी, वादाचा विषय आहे म्हणूनच काढतोय: डीएसपी, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज आधीच सॉफ्टवेअरने दुरुस्त करणं. दहा बाय दहाची खोली, टेबल कोपऱ्यात, ५ इंची अ‍ॅक्टिव्ह (अ‍ॅम्प आतच असलेले) स्पीकर आणि खाली छोटा सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर. दोन वर्षं ऐकतोय, डग्गा नुसता घुमायचा आणि मला वाटायचं रेकॉर्डिंगच तसलं. परवा मित्राचा यूमिक, म्हणजे आवाज मोजायचा माईक आणला, बसल्यावर डोकं जिथे येतं तिथे स्टँडवर लावला, आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप मारला (खर्जापासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) आणि ग्राफ बघून गारच पडलो, ५६ हर्ट्झला ११ डीबीचा (डेसिबलचा) सुळका आणि ८०० च्या आसपास हा मोठा खड्डा. इक्वलायझर एपीओमध्ये (काँप्युटरचा आवाज पट्टीनुसार कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर) ५६ वर उणे ८ डीबी, क्यू (फिल्टर किती अरुंद ते) ५ असा एकच फिल्टर टाकला तर डग्ग्याची मींड पहिल्यांदा नीट ऐकू आली राव. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. नवीन डॅकवर (डिजिटलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारा डबा) पैसे उडवण्याआधी प्रत्येकाने डीएसपी लावावा असं माझं ठाम मत. बोला.

जुना_अ‍ॅम्प:
साफ असहमत. घाम आला म्हणून आंघोळ न करता अत्तर मारण्यातला प्रकार. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भाग दुपटीने म्हणजे ६.१ ने, ५६ च येतात. हा तुझ्या खोलीचा सूर आहे, स्पीकरचा नाही. कोपऱ्यात बसलास तर तो अंगावर येणारच, आणि बरोबर मधोमध बसलास तर तोच गायब होईल. आधी खुर्ची हलव, टेबल हलव, सब दुसऱ्या भिंतीला नेऊन बघ. काँप्युटर नंतर.

खर्जप्रेमी:
दादा, टेबल हलव म्हणायला काय जातंय. भाड्याच्या खोलीत इकडे पलंग तिकडे कपाट, टेबल काय गॅलरीत नेऊ? आणि आता कोणीतरी फोम लावा म्हणेलच, तर ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, तिला दोन इंची फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात खरं, पण इथे अंगण खरोखरच वाकडं आहे त्याला काय करायचं? टेबलखुर्चीला +१.

रात्रपाळी:
मी गेम खेळतो, मला हे डीएसपी प्रकरण नको. एकदा कन्व्होल्यूशन (लांबलचक फिल्टरमधून आवाज गाळणं) लावून बसलो आणि गोळी सुटल्यावर आवाज उशिरा येतोय.

टेबलखुर्ची:
@रात्रपाळी, लिनिअर फेज (सगळे सूर सारखेच उशिरा सोडणारा फिल्टर) लावला असशील. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल असताना, ८१९२ टॅप (फिल्टरची लांबी) म्हणजे निम्मे, ४०९६ सॅम्पल उशीर, ८५ मिलिसेकंद गेले. साधा पॅरामेट्रिक ईक्यू लाव, माझ्या ५६ च्या फिल्टरसारखा, त्यात हा त्रास नाही.

मापटं:
सुळक्याचं सगळे बोलताय, ८०० च्या खड्ड्याचं काय केलंस ते सांग की.

टेबलखुर्ची:
९ डीबीने उचलला. ग्राफ ढिम्म हलला नाही आणि जरा मोठ्याने लावलं तर आवाज फाटायला लागला 😅

मापटं:
हेच तर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. स्पीकरचा आवाज एक सरळ कानात येतो आणि एक टेबलाच्या फळीवर आपटून येतो. दुसऱ्याची वाट २१-२२ सेंटिमीटर जास्त असेल तर ८०० ला दोघे एकमेकांना खातात. तू ९ डीबी चढवलेस की दोघेही तेवढेच चढणार आणि पुन्हा एकमेकांना खाणार, हाती काय? अ‍ॅम्पला मात्र तिथे आठपट पॉवर ओतावी लागते. आणि वर चढवलंस तर एपीओत प्रीअ‍ॅम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच उणे ठेवायचा असतो, तो विसरलास म्हणून फाटलं. सुळके कापायचे, खड्डे बुजवायच्या नादी लागायचं नाही. खात्री करायचीय? फळीवर गोधडीची चौघडी टाक आणि परत स्वीप मार.

टेबलखुर्ची:
टाकली. खड्डा निम्म्यावर आला च्यायला! मग स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेला ओढले, खाली दोन-दोन विटा, आता गोधडी काढली तरी गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत नाही. फिल्टर एकही नाही तिथे.

जुना_अ‍ॅम्प:
म्हणजे मी पहिल्यापासून काय बोंबलत होतो?

टेबलखुर्ची:
वरच्या पट्टीत मान्य. पण ५६ चा सुळका जिथल्या तिथे आहे, फिल्टर बंद केला की डग्गा परत घुमतो. सब दोन जागी ठेवून पाहिला, फार तर ३ डीबी कमी.

जुना_अ‍ॅम्प:
पलंग भिंतीपासून हलवून टेबल त्या बाजूला ने. एकदाच त्रास.

टेबलखुर्ची:
पलंगावर आजी झोपते.

खर्जप्रेमी:
😂 उणे ८, क्यू ५. सेव्ह कर आणि झोप.