नॅनोट्यूबला आम्लाची प्रक्रिया : सुपरकॅपॅसिटरसाठी हा रस्ता योग्य आहे का?

ऐरोलीकर_मेघा
माझं मत ठाम आहे, योग्य आहे. सुपरकॅपॅसिटर म्हणजे इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर चार्ज साठवून झटकन वीज देणारं साधन. नुसत्या कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) पाण्याला जवळ येऊ देत नाहीत, म्हणून इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारं द्रावण, आतवर पोचत नाही आणि बरंच क्षेत्रफळ फुकट जातं. नायट्रिक-सल्फ्युरिक आम्लात तापवल्या की भिंतींवर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल गट बसतात. पृष्ठभाग भिजतो आणि हे गट स्वतःही चार्ज धरतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्सिजनच्या अशाच गटांशी लिथियमची अभिक्रिया घडवून इलेक्ट्रोडच्या किलोमागे सुमारे २०० वॉट-तास मिळवले. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत आम्लं हाताळण्यात मुरलेली माणसं आहेत. हे काम इथे उभं राहायला हवं.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
ताई, वीज गोळा करणारा धातूचा पत्रा, दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा सेपरेटर, इलेक्ट्रोलाइट, डबा यांचं वजन धरलं की त्या २०० मधले उरतात किती? शिवाय आम्लाने नळीची भिंत फुटते, वहनक्षमता घटते. ती हवी म्हणून तर नॅनोट्यूब घ्यायच्या! बाजारातल्या सेलमध्ये नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन चालतो. तो स्वस्त आहे आणि चार्ज-डिस्चार्जची लाखो आवर्तनं टिकतो.

ऐरोलीकर_मेघा
इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रोडच ताडून पाहा, करवंटीचा कार्बन मागेच पडतो. आणि अनेक भिंतींच्या नळीत आम्लाचा मार मुख्यतः बाहेरच्या भिंतीवर बसतो, आतल्या भिंती वीज वाहत राहतात. आम्लाची तीव्रता आणि वेळ आवरली तर नुकसान आटोक्यात राहतं.

तळोजा_फेज२
तुम्ही दोघं सेलचंच बोलताय. नळ्या आम्लातून काढल्यावर सामू सातच्या आसपास येईपर्यंत धुवाव्या लागतात. त्या पाण्यात नायट्रेट असतं, वर नळ्या बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकातून आलेलं लोह, निकेल, कोबाल्ट. आमच्या कासाडी नदीने आधीच पुष्कळ सोसलंय. सांडपाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय "इथे उभं राहायला हवं" म्हणू नका. माझा याला विरोध आहे आणि राहील.

ऐरोलीकर_मेघा
तुमची काळजी रास्त आहे. म्हणूनच ओझोन किंवा प्लाझ्माचा मार्ग आहे. गट वायूतूनच बसतात, धुण्याचं पाणी नाही.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
पण ओझोनने धातू निघत नाहीत, ते काढायला आम्ल लागतंच. आणि खरी अडचण व्होल्टेजची आहे. पाण्यातला इलेक्ट्रोलाइट साधारण १ व्होल्टपर्यंत चालतो, सेंद्रिय २.७ पर्यंत. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे धारिता (चार्ज साठवण्याची क्षमता) तेवढीच धरली तर सातपटीहून जास्त फरक. सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये पृष्ठभाग भिजवण्याची गरजच नाही, उलट ऑक्सिजनचे गट इलेक्ट्रोलाइट बिघडवतात, सेलमध्ये गॅस तयार होतो, चार्ज आपोआप गळतो.

ऐरोलीकर_मेघा
एमआयटीचा प्रयोग सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्येच होता, लिथियमच्या तुलनेत १.५ ते ४.५ व्होल्टपर्यंत. गट तिथे उपयोगीच ठरले.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
ते लिथियमच्या क्षाराचं द्रावण, तिथे गटांना काम आहे. साध्या सुपरकॅपॅसिटरमध्ये नाही. सेल पूर्ण व्होल्टेजवर ७२ तास धरून मग गळती मोजा आणि तो आकडा इथे टाका. धारितेचे आलेख बघून माझं मत बदलणार नाही.